तंदुरुस्त शाळेची ढाल आणि आमचा सुजय

रत्नागिरी
एप्रिल (तारीख मुद्दाम घातलेली नाही. टाकायला उशीर झाला तर पोस्टावर ढकलता येतं.)

ती. सौ. थोरल्या वहिनींस,

धाकट्या जावेचा साष्टांग नमस्कार. (प्रत्यक्षात घातला तर मला उठवायला दोघं लागतील, म्हणून कागदावरच पुरा घालते आहे. मानून घ्यावा.) आप्पांचा खोकला कसा आहे? सासूबाईंचे गुडघे? मोठ्या भावोजींनी यंदा कलमांवर फवारणी वेळेवर केली ना? सानवीची चौकशी मी मुद्दाम करत नाही. तिची तब्येत किती ठणठणीत आहे हे अख्ख्या तालुक्याला माहीत आहे आणि ते ऐकून ऐकून माझी बिघडली आहे. इकडे हे, म्हणजे तुमचे धाकटे दीर, बरे आहेत. सुजयही बरा आहे. म्हणजे तसा बरा आहे. त्याच्याबद्दलच लिहायला बसले आहे, पण मला सरळ मुद्द्यावर येता येत नाही हे तुम्हाला आमच्या लग्नाच्या बोलण्यांपासून ठाऊक आहे.

पत्र बघून दचकू नका, कोणी गेलेलं नाही. फोनच करणार होते. पण तुम्ही भाकऱ्या थापताना फोन स्पीकरवर टाकून फडताळात उभा करता, आणि मग माझं बोलणं पडवीतल्या आप्पांना, त्यांच्याशी गप्पा मारायला आलेल्या शेजारच्या भागोजीला आणि भागोजीमार्फत संध्याकाळपर्यंत वाडीला कळतं. (मागे मी तुम्हाला मूळव्याधीवरचा पाला विचारला होता. पुढच्या खेपेला आले तर तीन घरांतून पाला हजर.) घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर लिहावं तर तिथे मुंबईची चुलत मंडळी दबा धरून बसलेली असतात. म्हणून कागद. वाचून झाला की चुलीत घाला, पण पूर्ण वाचल्याशिवाय घालू नका.

तर आधी एक गोष्ट लिहून मोकळी होते. वहिनी, मी तुमच्यावर जळते. थोडीथोडकी नाही, ओल्या लाकडासारखी, धुमसत. तुमच्या विहिरीवर नाही, कलमांवर नाही, सासूबाई चार माणसांत तुमच्या माशांच्या तिखल्याचं कौतुक करून माझ्या तिखल्याला नुसतं "झालंय" म्हणतात त्यावरही नाही. ते मी केव्हाच पचवलं. मी जळते ती तुमच्या लेकीच्या पोटऱ्यांवर. (हसू नका.) सानवी आणि सुजय एकाच वर्षी जन्मलेले, एकाच आप्पांची नातवंडं, एकाच पाळण्यात झोपलेली. आणि तुमची पोर वाडीतली ती जांभ्याच्या पायऱ्यांची पाखाडी अशी चढते की खालून बघणाऱ्याला दम लागतो. माझा सोन्यासारखा मुलगा आमच्या दुसऱ्या मजल्यावर येईपर्यंत मधल्या पायरीवर बसून बुटाची नाडी बांधतो. बुटाला नाडी नसली तरी बांधतो.

शाळा निवडताना आम्ही काही कमी केलं नव्हतं. तुम्ही सानवीला वाडीतल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत घातलंत तेव्हा मी मनात म्हटलं होतं, बिचारी पोर. दोन खोल्या, एक गुरुजी, एक बाई, आणि मैदान म्हणून समोरचा उघडा कातळ. आमच्या शाळेचं (नाव लिहीत नाही, सुजयचं सहावीचं वर्ष तिथेच काढायचं आहे) माहितीपत्रक मी तुम्हाला दाखवलं होतं, आठवतं? निळाशार पोहण्याचा तलाव, हिरवंगार कृत्रिम गवताचं मैदान, टेबल टेनिसची खोली. सगळं खरोखर आहे हो. पण त्या गवतावर खास बूट घातल्याशिवाय पाय ठेवायचा नाही, खास बूट खास तासालाच कपाटातून निघतात, आणि तो तास पावसात निसरडं म्हणून, पावसानंतर सहामाही म्हणून आणि सहामाहीनंतर स्नेहसंमेलनाचा मंडप गवतावर पडला म्हणून होत नाही. पी.टी.च्या तासाला वर्गातल्या मोठ्या पडद्यावर एक परदेशी बाई उड्या मारते आणि मुलं बाकावर बसून तिला बघतात. सुजयला मांडीतल्या सगळ्या स्नायूंची इंग्रजी नावं पाठ आहेत. मांडी घालून मात्र बसता येत नाही. पूजेला बसवला तर पाय लांब करून देवाला तळवे दाखवतो.

आता मंडळाच्या त्या तंदुरुस्ती शिबिराचं. तुम्हाला वाटतं ती कल्पना आमच्या मंडळाच्या अध्यक्षीणबाई साबेराभाभींची. नाही. ती माझी. महिला मंडळाची चिटणीस म्हणून मीच बैठकीत उभी राहिले आणि म्हटलं की हल्ली मुलं फार जाड होत चालली आहेत, तर शाळाशाळांतली मुलं बोलावून तंदुरुस्तीची तपासणी करू आणि सगळ्यांत तंदुरुस्त शाळेला ढाल देऊ. टाळ्या पडल्या. माझ्या मनात ती ढाल आमच्याच शाळेच्या काचेच्या कपाटात जाऊन बसलीसुद्धा होती, आणि ढालीशेजारी मी, पैठणीत. गावातलं जुनं मराठी हायस्कूल बोलावलं, साबेराभाभींची शिफा जाते ती उर्दू शाळा बोलावली, आणि आसपासच्या जिल्हा परिषदेच्या शाळा बोलावल्या. जिल्हा परिषदेच्या का, तर कोणीतरी शेवटचं यायला हवं ना! सानवीला आवर्जून पाठवा असा तुम्हाला मीच फोन केला होता. तुम्ही सासूबाईंना सांगितलंत म्हणे, धाकटी किती मायेची. माया होतीच, नव्हती असं नाही. पण नुसती माया नव्हती.

पुढचं सगळं तुम्ही सानवीच्या तोंडून ऐकलं असेल, आता माझ्या तोंडून ऐका. आमची मुलं वातानुकूलित बसमधून उतरली. अंगात एकसारखे ट्रॅकसूट, हातात पाण्याच्या बाटल्या, आणि उन्हाचा त्रास नको म्हणून छत्री धरायला एक शिक्षिका. तुमची पोरं टेम्पोच्या हौद्यातून उतरली आणि उतरल्या उतरल्या गुरुजींनी हाका मारायच्या आत मैदानाला एक चक्कर मारून आली. धावण्याच्या शर्यतीत ती अनवाणी धावली, आधी पोचली, आणि ही नुसती तालीम असेल असं समजून परत रेषेवर जाऊन उभी राहिली. खरी शर्यत कधी आहे असं त्यांतल्या एकाने मलाच विचारलं. बारला लोंबकळायचं होतं तेव्हा सानवी आणि शिफा शेजारी शेजारी लोंबकळल्या आणि वर तिथेच त्यांच्या गप्पा सुरू झाल्या. उपमा गार होतोय म्हणून दोघींना हाताला धरून खाली उतरवावं लागलं. हायस्कूलचे पी.टी.चे सर गणितही शिकवतात, त्यामुळे त्यांची मुलं धावली बेताची, पण गुणांची बेरीज त्यांनीच करून दिली. आणि मांडी घालून बसून हात न टेकता उठायचं होतं (ही अवदसा साबेराभाभींना सुचली) तेव्हा आमच्या शाळेची अख्खी रांग बसली ती बसली. उठवायला स्वयंसेवक धावले.

सुजय बारला लोंबकळला आणि लगेच पडला. पडून तो इतरांच्या आधी स्वतःच हसला. वहिनी, ते हसणं मला अजून विसरता येत नाही. लोक हसणार हे त्याला आधीच माहीत होतं, त्यांना त्याने वेळच दिला नाही. अकरा वर्षांच्या पोराला हे कुठून येतं? मग डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेतलं आणि हळू आवाजात सांगितलं की वजन वयाच्या मानाने फार आहे, घरात आजोबांना साखर आहे, आत्ता हातपाय हलले नाहीत तर पुढे जड जाईल. (त्या असंही म्हणाल्या की जिल्हा परिषदेच्या शाळांतली काही मुलं फारच किडकिडीत आहेत, त्यांना थोडं वजन हवं. मी म्हटलं, बाई, अदलाबदल होते का बघा.) त्यांच्यापुढे हसले आणि मंडपाच्या मागे जाऊन ताडपत्रीला डोळे पुसले. नंतर चिटणीस म्हणून ढाल द्यायला मंचावर मलाच जावं लागलं. ढाल कोणाला, तर तुमच्या वाडीच्या शाळेला. घ्यायला कोण आली, तर सानवी. पेपरात फोटो आला. सानवी हसते आहे, ढाल चकाकते आहे, आणि शेजारी मी, एरंडेल प्यायल्यासारखी. तो फोटो सासूबाईंनी चौकटीत बसवून ओटीवर लावला आहे. सुजयचा बारशातला फोटो काढून त्याच खिळ्याला लावला आहे, हे माझ्या नजरेतून सुटलेलं नाही.

मग मी पदर खोचला. सासूबाई म्हणाल्या होत्या की सानवी सकाळी पेज खाते. म्हटलं, पेज तर पेज. पण नुसत्या पेजेत पोराचं कसं भागणार, म्हणून तीत थोडं तूप घातलं. पांढरं दिसतं म्हणून काजू वाटून घातले. गोडाशिवाय त्याच्या घशाखाली उतरेना म्हणून गूळ आणि नारळाचं दूध. ह्यांनी चव घेतली आणि म्हणाले, "दर्शना, ही पेज नाही, ही खीर आहे." मुलाने दोन वाट्या जास्त मागितल्या. मी आठवडाभर खूश होते की पोराला पेज आवडायला लागली.

पेज फसली तेव्हा त्याची बस बंद केली. म्हटलं, मारुती मंदिरापासून शाळेपर्यंत चालत जाऊ दे. आता तुम्हीच सांगा, या रत्नागिरीत कुणाला चालू देतात का? पहिल्या दिवशी कोपऱ्यावरच बँकेतल्या काकांनी स्कूटर थांबवली. दुसऱ्या दिवशी दूधवाल्याने. तिसऱ्या दिवशी साबेराभाभींचे दीर अक्रमभाई रिक्षा घेऊन दारातच उभे, पैसे घेणार नाहीत म्हणाले, शिफाचा दोस्त आहे. "संदेशचा मुलगा ना तू? चल बस!" हे ऐकल्याशिवाय माझं पोर शंभर पावलं गेलं नाही. बसवणारा प्रत्येकजण वर काहीतरी खायला देणार, कुणी बिस्किटाचा पुडा, कुणी वडापाव, कारण चालून दमला असेल. चालायला लागल्यापासून सुजय बसपेक्षा लवकर शाळेत पोचू लागला. त्यात गावभर झालं की संदेशची नोकरी गेली, म्हणून पोराला चालवतात. खालच्या मजल्यावरच्या वहिनी बेसनाचे लाडू घेऊन आल्या आणि माझा हात हातात घेऊन म्हणाल्या, दिवस जातात हो असेही. ते लाडूही सुजयनेच खाल्ले. शेवटी मी स्वतः त्याच्याबरोबर चालायला निघाले. चढावर मला इतका दम लागला की एक जीप थांबली आणि आम्हा दोघांना नेऊन सोडलं.

म्हणून शिमग्याला त्याला तुमच्याकडे आठ दिवस आधी पाठवला. तुम्हाला सांगितलं होतं, पोराला ग्रामदेवीच्या पालखीची हौस आहे. हौस होतीच, पण मी त्याला बजावून पाठवला होता की सानवी दिवसभर काय करते, काय खाते, ते नीट बघ आणि तिच्यासारखंच कर. पालखी घरी यायच्या दिवशी आम्ही आलो तर काय बघते? माझा गुप्तहेर घरापुढच्या खळ्यात मांडवाखाली प्लास्टिकच्या खुर्चीत, मांडीवर शहाळं, शेजारी आंबापोळी. सकाळी घावणे आणि गूळ घातलेला नारळाचा रस, दुपारी पुरणपोळ्या, चारला फणसपोळी, आणि रात्रीचं जेवण वेगळं. तुमची सानवी मात्र घामाघूम, विहिरीवर काय जाते, नारळाच्या आगरातून झावळ काय ओढून आणते, वरच्या घरी निरोप काय देते, आणि तिच्या पाठोपाठ तुमचा आवाज. सानवे, कळशी अर्धीच का? सानवे, कोंबड्या डालायच्या कुणी? मला पोरीची कीवच आली. आणि सुजय उठला की सासूबाई ओटीवरून ओरडायच्या, "अगो, पाव्हणा पोर हाय तो, त्याला नको काय सांगूस!" पालखी नाचवायला वाडीतली झाडून सगळी पोरं खांदा द्यायला घुसली, तेव्हाही त्याला आप्पांच्या शेजारी मानाच्या सतरंजीवर बसवलं. घरी येऊन काट्यावर उभा केला तर काटा पुढे सरकलेला.

आता खरं सांगा वहिनी, हे तुम्ही मुद्दाम केलंत ना? स्वतःच्या लेकीला पेज आणि सुकट, आणि जावेच्या पोराला पुरणपोळ्या! म्हणजे ढाल कायमची तुमच्याच घरात राहायची! आम्ही रत्नागिरीला येईपर्यंत माझ्या मनात हेच घोळत होतं, आणि साबेराभाभींपुढे मी ते बोलूनही दाखवलं. त्या म्हणाल्या, अगो, पाहुण्याला कुणी सुकट वाढेल का? त्यांचं म्हणणं मला पटलं नाही. मला त्या वेळी काहीच पटवून घ्यायचं नव्हतं.

असो. मन मोकळं झालं. सानवीच्या पेजेत तुम्ही नक्की काय घालता (आणि काय घालत नाही) तेवढं कळवा. आप्पांना व सासूबाईंना नमस्कार, भावोजींना नमस्कार, सानवीला मनावर दगड ठेवून आशीर्वाद.

तुमच्यावर जळणारी, पण तुमचीच,
दर्शना

ता. क. शिमग्याला दिलेला तुमचा पुरणपोळ्यांचा डबा अजून माझ्याकडेच आहे. रिकामा पाठवायचा नाही म्हणून थांबले आहे आणि त्यात घालण्याजोगं मला काही करता येत नाही.

ता. क. दुसरा. पत्र खरं यासाठी लिहिलं. शिमग्याहून परत येताना हे पालखीसाठी मागे राहिले आणि सुजय माझ्या स्कूटरवर मागे होता. भाट्याच्या पुलावर तो एकदम म्हणाला, "आई, काकू सानवीला दिवसभर ओरडते." मी म्हटलं, हो ना रे, बिचारी. तो म्हणाला, "मला एकदापण नाही ओरडली. मी कळशी उचलली तर काढून घेतली." मी म्हटलं, मग बरंच आहे की. तो माझ्या पाठीला टेकला. मग म्हणाला, "मी काय त्यांच्या घरचा नाही?" पूल संपल्यावर मला गाडी बाजूला घ्यावी लागली. डोळ्यांत काहीतरी गेलं असं त्याला सांगितलं. वहिनी, त्याला खाऊ नको आहे हो. ती शर्यत, तो बार, ती ढाल, कशाचंच त्याला एवढं लागलेलं नाही. तर मे महिन्याच्या सुट्टीत त्याला तुमच्याकडे ठेवून घ्या, पण पाहुणा करू नका. ती खुर्ची माळ्यावर टाका. विहिरीवर पाठवा, झावळ ओढायला लावा, कळशी सांडली तर पाठीत धपाटा घाला. पहिले काही दिवस दमेल, रडेल, मला फोन करील. मी उचलणार नाही. (उचललाच तर मला ओरडा.) पाहुणा पोर म्हणून सासूबाई मध्ये पडल्या तर सांगा, धाकटीने लिहून दिलं आहे.

ता. क. तिसरा. हे लिहिता लिहिता माझ्या लक्षात आलं की लग्न झाल्यापासून तुमच्या घरात मीही बसलेलीच आहे. खोबरं खवायला विळी घेतली की तुम्ही "साडी खराब होईल हो तुमची" म्हणून ती काढून घेता आणि मला चांगल्या कपातून चहा देता. मी रत्नागिरीत येऊन सगळ्यांना सांगते की माझी जाऊ मला काडी उचलू देत नाही. ऐकणाऱ्या बायका माझ्यावर जळतात आणि मी तुमच्यावर. मे महिन्यात सुजयला सोडायला येईन तेव्हा मलाही अहो-जाहो करत बसू नका. "अगो दर्शने, उठ की जरा" म्हणा. उठायला वेळ लागेल, पण उठेन.

ता. क. शेवटचा. ओरडताना दोन्ही पोरांना सारखंच ओरडा असं लिहिणार होते. पण स्वभावाला औषध नाही. सानवीपेक्षा दिवसाला एक तरी शिवी माझ्या सुजयला जास्त घाला.